सोयाबीन निघालं, तरी शिंका का थांबत नाहीत?

प्रश्न : थ्रेशरवर सोयाबीन काढताना मला दरवर्षी शिंका येतात, नाक गळतं, डोळे खाजतात. यंदा माल विकून पंधरा दिवस झाले, तरी चुलीच्या धुरानं, फोडणीच्या वासानंही शिंका सुरू होतात. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता. चार दिवसांत फरक पडला नाही, उलट रक्ताचा थेंब आला, म्हणून बंद केला. मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणले, त्यानं लगेच बरं वाटतं. तेच चालू ठेवू का?
— शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : थेंब चालू ठेवू नका. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून नाक लगेच उघडतं. पाच दिवसांपेक्षा जास्त घातले, तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि थेंबांशिवाय भागेनासं होतं.

शिंका का थांबत नाहीत, ते आता बघू. नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट द्रवाचा थर असतो. त्याखालचे बारीक केस धूळ घशाकडे ढकलत राहतात. त्या खालच्या पेशी एकमेकींना टाके घातल्यासारख्या घट्ट जोडलेल्या असतात. ॲलर्जीत हे टाके उसवतात. अंगातली सूज आणणारी रसायनं या पेशींना जोडणारी प्रथिनं कमी करतात. घरच्या धुळीतल्या माइट या सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेतलं एन्झाइम तर ती सरळ कापतं. फटी पडल्या की धुळीचे कण आत शिरतात, सूज वाढते आणि फटी आणखी रुंदावतात. अशा उघड्या अस्तराला साधा धूरही झोंबतो. म्हणूनच हंगाम संपला तरी त्रास संपत नाही, आणि गाजरगवत फुललेलं असेल तर तो लांबतो.

सेट्रिझिनसारख्या गोळीनं शिंका आणि खाज कमी होते, पण चोंदलेल्या नाकावर तिचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय तिनं झोप येते, त्यामुळे ती घेऊन थ्रेशरजवळ उभं राहू नका. अस्तराची सूज उतरवायची असेल, तर स्प्रेच हवा. फ्लुटिकासोन, मोमेटासोन या स्टिरॉइडच्या स्प्रेचा पूर्ण गुण यायला तो एक-दोन आठवडे रोज मारावा लागतो. चार दिवसांत निकाल लावणं घाईचं झालं. स्टिरॉइड म्हणून घाबरू नका, या दोन औषधांचा रक्तात जाणारा अंश अगदी थोडा असतो.

रक्त बहुधा मारण्याच्या पद्धतीमुळे आलं असावं. नळी मधल्या पडद्याकडे असली की फवारा रोज एकाच जागी बसतो आणि ती जागा सोलते. बाटली हलवा, नवी असेल तर बारीक तुषार येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित पुढे झुकवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरा, उजवीसाठी डावा, म्हणजे नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळते. दाबताना हळूच श्वास घ्या. जोरात ओढलं की औषध घशात जातं आणि वाया जातं. रक्त थांबेपर्यंत एक-दोन दिवस स्प्रे थांबवा, मग अशा पद्धतीनं सुरू करा. तरीही रक्त आलं तर डॉक्टरांना दाखवा.

स्प्रे मारण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी नाक धुतलं तर आणखी चांगलं. २५० मिली पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून कोमट करा. त्यात अर्धा चहाचा चमचा सपाट मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा टाका. नुसतं पाणी झोंबतं, कारण त्यानं पेशी फुगतात. विहिरीचं किंवा बोअरचं कच्चं पाणी मात्र कधीच नाही. त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण जीवघेणं असतं.

पुढच्या हंगामात स्प्रे मळणीच्या दोन आठवडे आधीच डॉक्टरांना विचारून सुरू करा. दुपट्ट्यानं जाड भुसा अडतो, बारीक धूळ नाही. एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवा आणि वारा पाठीमागून येईल असे उभे राहा. वावरातून आल्यावर कपडे बाहेरच काढून आंघोळ करा. कुटार झोपायच्या खोलीला लागून रचू नका. तपकीर ओढणं, नाकात मोहरीचं तेल किंवा कापूर घालणं बंद करा, सोललेल्या अस्तराला ते सगळं आणखी जाळतं.

छातीत घरघर, एकाच बाजूचं नाक सतत बंद किंवा त्या बाजूनं वारंवार रक्त, असं काही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.