वाचक विचारतात : हुकूम कुणाचा होता?

प्रश्न : सर, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मी मुलांना सांगत होतो, की भारतीय सैन्य आलं म्हणून मराठवाडा निजामाच्या तावडीतून सुटला. त्यावर दहावीतली एक मुलगी म्हणाली, “मग इजिप्तमध्येही लोक रस्त्यावर आले आणि सैन्याने राष्ट्राध्यक्ष मोर्सींना काढलं. ते वाईट कसं?” तिला काय सांगू?
— एक शिक्षक, औसा

उत्तर : गुरुजी, पोरगी तयारीची दिसते. तिला आधी विचारा, हुकूम कुणाचा होता? १९४८ साली सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं ते दिल्लीच्या सरकारने पाठवलं म्हणून. आणि निजामाला काही कुणी मतं देऊन गादीवर बसवलं नव्हतं. मोहम्मद मोर्सी जून २०१२ मध्ये जवळपास ५२ टक्के मतं घेऊन निवडून आलेले.

मोर्सींची वकिली मी करणार नाही. त्याच नोव्हेंबरात त्यांनी फर्मान काढलं, की माझ्या निर्णयांना कोर्टात आव्हान द्यायचं नाही. त्यात लोडशेडिंग, पेट्रोल पंपांवर रांगा. ३० जून २०१३ ला लाखो लोक उतरले ते उगीच नाही. पण त्यांची मागणी मुदतीआधी निवडणूक घ्या, एवढी होती. सैन्याने १ जुलैला ४८ तासांची मुदत दिली आणि ३ तारखेला जनरल सिसींनी टीव्हीवर सांगून टाकलं : राज्यघटना स्थगित, मोर्सी पदावरून दूर. या सिसींना संरक्षणमंत्री कुणी केलं होतं? मोर्सींनीच!

१४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातलं मोर्सी समर्थकांचं धरणं उठवताना किमान ८१७ माणसं मारली गेली, अशी ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेची नोंद आहे. नोव्हेंबरात मोर्चांवर निर्बंध घालणारा कायदा आला. मोर्सी जावेत म्हणून घोषणा देणारे काही कार्यकर्तेही मग त्याच कायद्याखाली तुरुंगात गेले. हे मुलीला जरूर सांगा.

आपल्याकडे हैदराबादच्या कारवाईतले जनरल चौधरी तिथले लष्करी गव्हर्नर झाले, पण १९४९ सरता सरता त्यांचा कारभार आटोपला. १९५२ मध्ये निवडणूक होऊन बुर्गुल रामकृष्णराव हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. (पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे १९४८ च्या त्या लष्करी कारवाईच्या काळात उस्मानाबाद, नांदेडकडे निरपराध मुसलमान मारले गेले, ते दिल्लीच्या सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने लिहून ठेवलंय. झेंडावंदनाच्या भाषणात ते कुणी काढत नाही. तुम्ही काढा.)

सिसी मात्र बराकीत परतले नाहीत. मे २०१४ च्या निवडणुकीत सुमारे ९७ टक्के मतं दाखवून तेच राष्ट्राध्यक्ष झाले.