लिनक्सवर ठरावीक शब्द असलेल्या फाइल्स शोधून त्यांची यादी कशी साठवावी?

ग्रेप ही लिनक्समधली शब्द शोधणारी कमांड पुरेशी आहे, वेगळं सॉफ्टवेअर नको. ज्या फोल्डरात शोधायचं तिथे टर्मिनल उघडा आणि हे द्या (ग्रेप, आर, एल रोमनमध्ये, स्मॉल अक्षरांत):

ग्रेप -आरएल 'थकबाकी' . > ~/यादी

आर म्हणजे आतल्या फोल्डरांतही शोध, एल म्हणजे फक्त फाइलींची नावं. टिंब म्हणजे हेच फोल्डर, ~ म्हणजे तुमचं होम फोल्डर; निकाल तिथल्या 'यादी' या फाइलीत साठतो. ओळ क्रमांकासकट मजकूर हवा असेल तर एलऐवजी एन. एकच > दिलंत तर यादीतलं जुनं सगळं पुसलं जातं. भर घालायची तर >>. यादी त्याच फोल्डरात ठेवू नका, नाहीतर, विशेषतः एन वापरलं असेल तर, पुढच्या शोधात तीच सापडू शकते. स्क्रीनवरही दिसायला हवं असेल तर > च्या जागी | टी वापरा, टी म्हणजे टी-डबल-ई ही कमांड.

मराठी मजकुरात खरी गोची वेगळीच असते. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: कुणी ऱ ला हलन्त देतं, कुणी र, हलन्त आणि वर एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखंच, पण ग्रेपच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणून अशा वेळी नुसतं 'दुस' शोधा, जास्तीचे निकाल हाताने गाळा. आणि जुन्या शिवाजी फॉन्टमधल्या फाइलींत युनिकोड नसतंच, तिथे आधी मजकूर रूपांतरित करावा लागेल.

पीडीएफ आणि वर्डच्या फाइलींवर साधं ग्रेप सहसा चालत नाही, आतला मजकूर दाबून भरलेला असतो.