गणितातल्या शंका: एकमान, त्रैराशिक की क्ष?

प्रश्न : लेक सहावीत आहे. गुणोत्तराच्या शाब्दिक उदाहरणांना शाळेत एकमान पद्धत, घरी आजोबांचं त्रैराशिक, आणि शिकवणीच्या बाई क्ष धरायला लावतात. उदाहरण समोर आलं की 'कुठल्या रीतीनं करू?' म्हणून ती रडकुंडीला येते. एकच रीत पक्की करून घेऊ का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, एकाच रीतीला बांधू नका. '५ वह्या ९० रुपयांना, तर ८ कितीला?' इथे एकमानच. एक वही १८ रुपये, आठ १४४. पण '६ पेनं ५० रुपयांना, तर १५ कितीला?' यात एका पेनाची किंमत नीट सुटत नाही. तिथे आजोबा बरोबर: ५० गुणिले १५ भागिले ६, म्हणजे १२५. फक्त मांडणीआधी तिला विचारा, एक वाढलं की दुसरं वाढतं की घटतं? ६ मजुरांना भिंतीला १० दिवस लागतात, तर ४ मजुरांना? घाईनं सरळ मांडलं तर सात दिवसांच्या आतच भिंत उभी राहते! मजूर घटले की दिवस वाढतात, म्हणून ६ गुणिले १० भागिले ४, उत्तर १५ आहे.

मुलं खरी अडतात ती देवाणघेवाणीत. अमित आणि सनाकडच्या गोट्या ५:३. अमितनं सनाला १२ दिल्या आणि दोघांकडे सारख्या झाल्या. इथे मी वर्गात फळ्यावर चौकोन काढायचो, वर पाच, खाली तीन, आणि विचारायचो, 'यात काय बदललं नाही?' एकूण गोट्या! एकूण आठ चौकोन, शेवटी दोघांकडे चार-चार. म्हणजे अमितनं एकच चौकोन दिला, तो १२ चा. त्याच्याकडे ६० होत्या, सनाकडे ३६.

वयाच्या उदाहरणात फरक बदलत नाही. वडील आणि मुलगी ७:२, पंधरा वर्षांनी २:१. आधी फरक ५ भागांचा, नंतर १ चा. फरक तोच राहायला हवा, म्हणून २:१ ला १०:५ लिहायचं. वडिलांचे ७ भागांचे १० झाले, ३ भाग म्हणजे १५ वर्षं. आज वडील ३५, मुलगी १०. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथेच आहे, आणि शिकवण्यांत नेमका यालाच वेळ मिळत नाही.

क्षची घाई नको. चौकोन हाताशी बसले की त्यांनाच क्ष म्हणता येतं.

आजोबांना मात्र एक काम द्या. उत्तर आलं की ते उदाहरणात परत घालून बघायला त्यांनी तिला शिकवावं. ६० मधून १२ गेले, ४८. ३६ मध्ये १२ आले, ४८. जुळलं की मगच पुढचं उदाहरण.