छोटी गाडी घेतली तर लोक काय म्हणतील?

बढती झाली की हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनाला येतात. पुण्यातले हे गृहस्थ चाळिशीच्या आतले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मॅनेजर झाले आणि सात वर्षांचं कर्ज काढून मोठी एसयूव्ही घ्यायचा हट्ट धरला. घराचा हप्ता चालूच, त्यामुळे बायकोचा ठाम विरोध.

"लोक म्हणजे नक्की कोण?" मी विचारलं. सोसायटी, ऑफिस असं मोघम बोलून झालं. मग म्हणाले, "साडू." आणि पाठोपाठ, न विचारताच, एक जुनी गोष्ट निघाली. शाळेत असताना मावशीच्या लग्नाला चौघं एका स्कूटरवर गेले होते. कार्यालयाच्या गेटवर वॉचमननं वडिलांना नुसतं बोटानं खुणावलं: मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. मागून आलेल्या मोटारीला मात्र सलाम.

२००९ मध्ये नॅनो बाजारात आली. स्कूटरवर कोंबून बसलेलं कुटुंब पाहूनच रतन टाटांना ती सुचली होती. यांच्या वडिलांना परवडतही होती. पण ते म्हणाले, "स्वस्तातली गाडी घेतली म्हणतील. त्यापेक्षा स्कूटर बरी." 'सर्वांत स्वस्त' ही ओळख नॅनोला नडली, हे पुढे टाटांनीही जाहीरपणे मान्य केलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

म्हणून अशा माणसाला मी 'दिखावा सोडा' असं कधीच सांगत नाही. आपल्या वस्तूंना आपण स्वतःचाच भाग मानतो, असं रसेल बेल्क या अभ्यासकानं १९८८ मध्ये मांडलं. गाडी तर चारचौघांत दिसणारी वस्तू. ती निवडताना जुना अपमान सोबत येणारच. फक्त तो आलाय हे आपल्याला कळलं पाहिजे. नाहीतर त्याची भरपाई आपण महिन्याच्या हप्त्यांनी करत बसतो, आणि तो काही भरून निघत नाही.

मी एवढंच सुचवलं की शोरूममध्ये एकटे जाऊ नका, गाडीत रोज बसणार त्यांना न्या. ते आईला घेऊन गेले. एसयूव्हीच्या दारातली मूठ धरून आई उभी राहिली, पण गुडघा वर उचलेना. शेजारच्या वॅगनआरमध्ये मात्र ना चढावं लागलं, ना वाकावं लागलं. तीच घेतली.

साडूंनी विचारलंच, "मॅनेजर झालात ना, मग हीच का?" फोनवर ते म्हणाले, "मॅडम, लागलं मला." लागणारच. ते पुन्हा येऊ लागलेत. आता गाडीवर फारसं बोलणं होत नाही, वडिलांवर होतं.