तिरप्या ओळी आणि गवंड्याची दोरी

अगं, वाकळीवर आडव्या-उभ्या ओळी शिवताना लाँगआर्मवर (म्हणजे चौकटीवर ताणलेल्या वाकळीवरून चाकांवर फिरवायचं शिलाई मशीन) चाकाचं लॉक लावलं की मशीन नाकासमोर चालतं. तिरप्या ओळीला ती सोय नाही, दोन्ही चाकं मोकळी ठेवूनच पट्टीच्या आधारानं शिवायचं. पट्टी जाड ॲक्रिलिकचीच घे. शाळेतली पातळ पट्टी मशीनच्या फूटाखाली (सुईभोवतीच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली) शिरते आणि सुई तुटते. पट्टी आखलेल्या रेघेवर ठेवू नकोस, पाव इंच सरकवून ठेव. सुई आणि फूटाच्या कडेत तेवढं अंतर असतं.

आखणीला गवंड्याची दोरी झकास, पावडर लागलेली दोरी ताणून सोडली की सरळ रेघ उमटते. फक्त तिच्यात लाल-निळी पावडर नको, पांढरा खडू भर. माझ्या पहिल्याच वाकळीवर लाल रेघा उमटल्या, तीन धुण्यांनीही गेल्या नाहीत! लातूरच्या आत्यानं ती अजून जपून ठेवलीय, मला चिडवायला.

आता खरी गोम. ४५ अंशात ओळींमध्ये एक इंच अंतर हवं असेल, तर कडेवर खुणा एक इंचावर नाही, १.४ इंचावर कर. दोन इंचाला २.८. इथंच सगळ्या नवख्या फसतात.

तिरपं कापड ताणलं की लांबतं. जुन्या लुगड्याचं सुती तर फारच. म्हणून बाजूच्या कडा आधी टाचून घे, कडा ताणून धरणाऱ्या क्लिपा गच्च ओढू नकोस. वाकळ गुंडाळून पुढं घेतलीस की नुसत्या नजरेनं ओळ जोडू नकोस. शिवलेल्या टाक्यांवर तीन-चार इंच पट्टी टेकव, मग सुई खाली घाल.