डाउनलोडच्या पानावर चार हिरवी बटणं असतात, त्यातलं खरं कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न वाचला. वडिलांच्या लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाकायला गेलात, पानावर ‘डाउनलोड’ची चार बटणं होती, सगळ्यांत ठळक होतं ते दाबलंत आणि व्हीएलसीच्या जागी कसलंसं पीसी क्लीनर येऊन बसलं. ब्राउझरचं पहिलं पानही बदललं. वर वडील म्हणाले, ‘बघून दाबायला काय झालं होतं?’ सोलापुरात नवी पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे वाक्य मी काउंटरपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय, की आधी त्याचंच उत्तर देतो. तुम्ही बघूनच दाबलंत. बघणाऱ्याचा हात तिथेच जावा, म्हणूनच ते बटण तसं काढलेलं असतं.

फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या बऱ्याच साइट जाहिरातींवर चालतात. पानावरची जागा साइटवाला जाहिरात नेटवर्कला देतो आणि त्या जागेत काय दिसणार हे तुम्ही पान उघडता त्या क्षणी यंत्रणा ठरवते. ज्याला आपलं क्लीनर किंवा टूलबार लोकांच्या मशीनवर उतरवायचा असतो, तो नेमकी हीच जागा विकत घेतो, कारण इथे आलेला माणूस काहीतरी उतरवून घ्यायच्या तयारीनेच आलेला असतो. म्हणून त्या जाहिरातीत ना वस्तूचं नाव, ना कंपनीचं. नुसतं हिरवं बटण. दर इन्स्टॉलमागे पैसे, असे सौदे या धंद्यात चालतात.

आणि हे फक्त अनोळखी साइटवर होतं असंही नाही. डिसेंबर २०११ मध्ये एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कर्त्याने डाउनलोड डॉट कॉम या साइटविरुद्ध जाहीर तक्रार केली होती, की तिथे त्याची फाइल टूलबार जोडलेल्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून दिली जाते. फोटोचं काम करणाऱ्या गिम्पने २०१३ मध्ये सोर्सफोर्ज ही डाउनलोड साइट सोडली, त्यामागेही फसव्या डाउनलोड बटणांचं कारण होतं. (पुढे २०१६ मध्ये सोर्सफोर्जचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी फाइलसोबत दुसरी सॉफ्टवेअर बसवणाऱ्या इन्स्टॉलरची योजना बंद केली.) २०१६ च्याच फेब्रुवारीत गूगलनेही जाहीर केलं, की अशी खोटी बटणं असलेल्या पानांवर सेफ ब्राउझिंगचा, म्हणजे ब्राउझरमधल्या धोक्याच्या सूचनेचा, इशारा दाखवला जाईल. तरी दुकानात अशा केसेस येतच राहतात.

गेल्या लग्नसराईत पूर्व भागातल्या एक ताई आल्या होत्या. घरी बसून पत्रिका आणि अर्ज टाइप करून देतात. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर शोधताना मोठं बटण दाबलं आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ बसला. तो दर दहा मिनिटांनी लाल खिडकी उघडून शेकडो चुका दाखवायचा आणि दुरुस्तीचे पैसे मागायचा. दोन दिवस काम बंद, पत्रिकावाल्यांचे फोन सुरू. ‘माझंच चुकलं दादा’ असं त्या तीन-चारदा म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना काहीच उतरवायची गरज नव्हती. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आहे. सेटिंग्जमध्ये भाषेच्या भागात मराठी जोडली की निवडता येतो.

तेव्हा माझं म्हणणं असं: चार बटणांत खरं कोणतं हे शोधण्याआधी आपण कुणाच्या दारात उभे आहोत ते बघा. सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याच्याच साइटवरून घ्या, म्हणजे बटणाचा प्रश्नच बहुधा उरत नाही. व्हीएलसीचं घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. ती ना-नफा संस्था आहे, तिथे एकच बटण आहे आणि जाहिरात नाही. दुर्दैवाने २०२२ मध्ये ही साइट भारतात बरेच महिने उघडत नव्हती, नोव्हेंबरात बंदी उठली. खरं दार बंद म्हटल्यावर लोक आडदारांकडे वळले आणि काहींची ती सवय अजून गेलेली नाही.

पत्ता शोधताना गूगलवरच्या पहिल्याच निकालावर जाऊ नका. त्याच्या डोक्यावर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलं असेल तर ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने याचाच इशारा दिला होता: नामांकित सॉफ्टवेअरच्या नावाने जाहिरात देऊन हुबेहूब नकली साइटवर नेतात. जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा, असा सल्लाही त्यात होता. मी गिऱ्हाइकांच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकून देतो. क्रोममध्ये त्याची लाइट आवृत्ती चालते. पत्त्याची खात्री नसेल तर त्या सॉफ्टवेअरचं इंग्रजी विकिपीडिया पान उघडा, उजवीकडच्या चौकटीत अधिकृत संकेतस्थळ दिलेलं असतं.

कधी कधी दुसरीकडूनच घ्यावं लागतं, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर वगैरे. तेव्हा बटणाच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण, ‘आय’ किंवा फुली दिसते का बघा. दिसली तर ती जाहिरात. माउस नुसता वर धरा, दाबू नका. खाली डाव्या कोपऱ्यात लांबलचक भलताच पत्ता आला तरी तेच. खरा दुवा बहुतेकदा साधा, बारीक अक्षरांतला असतो आणि जवळ आवृत्तीचा आकडा, फाइलचं माप लिहिलेलं असतं. उतरलेल्या फाइलचं माप मी हमखास बघतो. व्हीएलसीचा विंडोज इन्स्टॉलर ४० एमबीच्या आसपास असतो, तुमच्याकडे दीड-दोन एमबीची फाइल आली असेल तर तो दुसऱ्याच कुणाचा दलाल आहे. फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ असं गेलात की सही कुणाची ते कळतं. व्हीएलसीवर व्हिडिओलॅनची हवी. शंका राहिली तर फाइल व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर चढवून बघा, पण स्वतःची खासगी कागदपत्रं तिथे कधीच टाकू नका.

आता वडिलांचा लॅपटॉप. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीला इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा आणि त्या दिवशी आलेलं जे ओळखीचं नाही ते काढा. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, पहिलं पान, सर्च इंजिन तपासा. नोटिफिकेशनची परवानगी लोक विसरतात; ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ म्हणणाऱ्या साइट तिथेच ठाण मांडून बसतात, त्यांना ब्लॉक करा. शेवटी विंडोज डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. वडील त्यावर बँकेचं काम करत असतील तर पासवर्ड बदला, पण दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

तक्रारीचं विचारलंत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत वेष बदललेली जाहिरातही आहे आणि खोटा व्हायरस दाखवून पैसे उकळणारं सॉफ्टवेअरही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. क्लीनरला पैसे दिले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. साइट परदेशातली असेल तर हाताला फार लागेल असं मला वाटत नाही, तरी तक्रार करा, आणि जाहिरातीच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून ज्या नेटवर्कची ती आहे त्यालाही कळवा. त्याआधी वरच्या पत्त्यासकट पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तेच पान दहा मिनिटांनी उघडलंत तर त्या जागी दुसरीच जाहिरात असू शकते.