जुन्या गाडीला ओपनपायलट बसेल का?

प्रश्न : आमची २०१६ची हॅचबॅक आहे. ओपनपायलट हे स्टिअरिंग, वेग आणि ब्रेक सांभाळायला चालकाला मदत करणारे मुक्त सॉफ्टवेअर तिला जोडून निपाणी-बेळगाव हायवेवर वापरता येईल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. पॉवर स्टिअरिंग आहे म्हणून भागत नाही. स्टिअरिंगच्या मोटरने संगणकाचा हुकूम ऐकायला हवा. त्यासाठी कंपनीतूनच लेन असिस्ट (गाडी पट्ट्यात ठेवणारी सोय) आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग राखणारी सोय) आलेले लागते. आरशामागे कॅमेरा नसेल तर विषय संपला. कोणी वायरी कापून जमवून देतो म्हणाला, तर गाडी तिथून सरळ घरी आणा.

पुढची गाडी घेताना मॉडेल, साल आणि व्हेरिएंट ओपनपायलटच्या अधिकृत यादीशी ताडून पाहा. भारतातल्या त्याच नावाच्या गाडीची वायरिंग वेगळी असू शकते. जोडणीची हार्नेस (वायरींचा जोड) गाडीचा कॅमेरा आणि त्याचा कनेक्टर यांच्यामध्ये बसते, त्यामुळे ती पुन्हा काढता येते. पुढची काच आतून स्पिरिटने पुसून ओपनपायलट चालवणारे, स्वतःचा कॅमेरा असलेले उपकरण मधोमध चिकटवा. डावी-उजवीकडे ४ अंशांपेक्षा जास्त वळलेले असले तर कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याची दिशा जुळवणे) होत नाही.

एवढे करूनही चोर्ला घाटात ते बंदच ठेवा. स्टिअरिंगचा जोर मर्यादित असल्याने तीव्र वळणावर गाडी बाहेर सरकते. आणि गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टरविना उभी असलेली उसाची ट्रॉली? तिथे ब्रेकवर पाय तुमचाच हवा.